देशमान्यांच्या घाण्यावरचा सूर्य

पिंपळसोंडच्या विमल देशमाने यांच्या घरी दिवाळी झाल्यावर एक सूर्य राहायला आला. तो मोसंबीएवढा होता आणि कशाचाही स्पर्श झाला की विझत असे. बाकी त्याच्याबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं.

तो सरकारी योजनेतून आला होता. लहान सूर्य प्रयोगशाळेत पेटत, पण टिकत नसत. मोठमोठे लोहचुंबक लावून त्यांना हवेत अधांतरी धरलं, तरी थोड्या वेळात ते कुठेतरी भिंतीला टेकत आणि गार पडत. यावर समिती बसली. समितीने पुष्कळ विचार केला आणि शेवटी असं ठरवलं, की या सूर्यांना घर मिळालेलं नाही. तेव्हा त्यांना काही काळ चांगल्या कुटुंबात ठेवून पाहावं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लघुसूर्य संगोपन कार्यालय उघडण्यात आलं, आणि कार्यालयाने गोल खोली असलेल्या घरांची चौकशी सुरू केली.

देशमान्यांकडे गोल खोली होती. विमलचे सासरे, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणे, ते उमेदीत असताना तिथे तेलाचा घाणा चालत असे. घाणा बंद पडून बैलही गेला होता. पण खोलीच्या मध्यावर दगडी उखळ शाबूत होतं आणि त्याच्याभोवती बैलाच्या खुरांनी पडलेली गोल वाट अजून स्पष्ट दिसत होती. पाहणीला आलेल्या रणपिसे साहेबांनी त्या वाटेवरून एक फेरी मारली आणि म्हणाले, "उत्तम. इतकी गोल वाट आमच्याकडे प्रयोगशाळेतसुद्धा नाही."

"बैल फार हुशार होता," तात्या म्हणाले.

रणपिसे साहेब अंगाने सडपातळ होते आणि त्यांचा आवाज त्याहून सडपातळ. त्यांनी ओट्यावर बसून अटी वाचून दाखवल्या. आळीतल्या बायका ऐकायला जमल्या होत्या. सूर्य उखळाच्या वर हवेत राहील. त्याला माणसांचा संकोच वाटतो, तो माणसांपासून लांब सरकतो. म्हणून बायकांनी हात धरून त्याच्याभोवती कडं करायचं आणि बैलाच्या वाटेने चालत राहायचं. सगळीकडून सारखाच संकोच झाला की तो मधोमध थांबेल. कड्यात फट पडली तर तो त्या फटीकडे जाईल, भिंतीला टेकेल आणि विझेल. पाळ्या लावाव्यात, पण कडं मोडू नये.

"पण साहेब, फुटला बिटला तर?" शेजारच्या मंदाने विचारलं.

"फुटत नाही. काही बिनसलं तर तो फक्त विझतो."

"म्हणजे रुसतो."

"कार्यालयात आम्ही विझतो असं म्हणतो."

"आमचे जावई रुसले की आठ दिवस घर पेटलेलं असतं. त्यापेक्षा हा बरा."

"आणि आत किती गरम असतो म्हणायचा?" तात्यांनी विचारलं.

"दहा-पंधरा कोटी अंश."

"आणि हात लागला की गार?"

"लगेच."

तात्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. त्यांना हे पटल्यासारखं दिसलं. शाळेत असताना त्यांनी ऐकलं होतं, की तीस वर्षांत घरोघर असे सूर्य येणार. लग्नाच्या वेळी त्यांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हाही तीसच वर्षं सांगितली. मुलाच्या लग्नात एक इंजिनीयर पाहुणे आले होते, त्यांनीही तीसच सांगितली. इतक्या वर्षांत आकडा बदलला नाही, त्या अर्थी माणसं शब्दाची पक्की आहेत, असं तात्यांचं मत होतं.

शेवटची अट मूल्यमापनाची होती. सूर्याच्या नावाने दोन मीटर बसवले जातील. एकावर त्याने घेतलं किती ते दिसेल आणि दुसऱ्यावर दिलं किती ते. आजवर कुठल्याही घरात दुसरा काटा पहिल्याच्या पुढे गेला नव्हता. मूल्यमापनाच्या दिवशी तो पुढे गेला तर सूर्य घरीच राहील. नाही गेला, किंवा त्याआधी सूर्य तीनदा विझला, तर त्याला जिल्ह्याच्या भांडारात जमा करावं लागेल.

"तशी वेळ यायची नाही," विमल म्हणाली. "आमच्याकडे आलेला माणूस सुकून गेला असं आजवर झालेलं नाही."

हे अगदी खरं होतं, आणि पुढची सगळी अडचण यातूनच झाली.

सूर्य टेम्पोतून, एका स्टीलच्या पिंपात, विझलेल्या स्थितीत आला. त्याला पेटवायला सबंध गावाची वीज लागणार होती. गावाने कुरकुर केली नाही. गिरणी थांबली, पंखे थांबले, मालिका अर्ध्यावर राहिल्या, आणि सगळे आपापल्या उंबऱ्यावर बसून देशमान्यांच्या घराकडे बघू लागले. आत बायकांनी कडं धरलं. पावलं सारखी पडावीत म्हणून त्यांनी भोंडल्याची गाणी सुरू केली. साहेबांनी खटका ओढला, पिंपाचं झाकण उघडलं, आणि उखळाच्या वर एक उजेड येऊन उभा राहिला. मध्ये पांढरा, कडेला फिकट गुलाबी.

"नमस्कार," सूर्य म्हणाला. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा त्याचा आवाज होता.

"ये बाबा," विमल म्हणाली. "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?"

"मी विझलेलो होतो."

"ते बरं. घाटात फार वळणं आहेत."

गावाची वीज परत आली. विमल कड्यातून निघाली आणि मंदाने तिची जागा घेतली. विमलने पदर खोचला आणि साहेबांना विचारलं, "जेवायला काय घालायचं याला?"

साहेबांनी खिशातून एक काचेची बाटली आणि एक ड्रॉपर काढला. बाटलीत जड पाणी होतं. साध्याच पाण्यातून ते निवडून काढतात, आणि लहान सूर्यांचं जेवण तेच. सकाळी एक थेंब आणि संध्याकाळी एक थेंब, लांबूनच सोडायचा.

विमलला वाटलं साहेब चेष्टा करतायत. "आणि त्याच्याबरोबर?"

"बरोबरचं दुसरं जे लागतं ते तो स्वतः करून घेईल. भिंतीला हा राखाडी थर लिंपलाय ना, त्यातून."

"म्हणजे पाहुण्याने स्वतः करून खायचं?"

"अर्धंच."

"आमच्या घरात असं होत नाही, साहेब."

"अट आहे," साहेब म्हणाले.

विमलच्या घरून कोणी एका वाढीवर उठलं, असं गावात कोणाला आठवत नव्हतं. पाहुण्याने नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, अशी कामाची सरळ वाटणी तिच्या मनात होती. ताटावर कोणी आडवा हात धरला तर ती हातावर वाढत असे. पतपेढीतले एक नवे मॅनेजर तसेच श्रीखंडाचा हात घेऊन मागच्या दाराने निघून गेले होते, आणि पुढच्या सणाला तेच पुन्हा जेवायला आले होते. तिचे यजमान गेल्यापासून घरात ती आणि तात्या दोघंच. पण दोघांपुरता स्वयंपाक तिला जमतच नसे. ती पाच माणसांचा करी आणि मग वाटेने जाणारं कोण सापडतंय ते पाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सूर्याला पहिला थेंब दिला. सूर्य क्षणभर उजळला.

"पोट भरलं, काकू," तो म्हणाला. "पुरे आता."

"एवढ्यात? चिमणीसुद्धा यापेक्षा जास्त खाते."

"खरंच पुरे."

"लाजू नकोस, आपलंच घर आहे," असं म्हणून विमलने आणखी एक थेंब सोडला.

सूर्य एकदम राखाडी झाला, जरा थरथरला, आणि विझला. कड्यातल्या बायका तशाच चालत राहिल्या. काय झालं ते कळेपर्यंत त्यांनी रिकाम्या उखळाभोवती एक फेरी पुरी केली.

रणपिसे साहेब दुपारच्या गाडीने आले. गावाची वीज पुन्हा एकदा घ्यावी लागली, आणि पहिल्या मीटरचा काटा आणखी पुढे गेला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त समजावून सांगितलं, की सूर्याच्या पोटात एका वेळी फार थोडंच मावतं. जास्त झालं की तो गार पडतो.

"जेवल्यावर सगळेच गार पडतात, साहेब. मग झोपतात. तुम्ही त्याला झोपू का देत नाही?"

"तो झोपला की त्यालाच आम्ही विझला म्हणतो."

पेटल्याबरोबर सूर्य म्हणाला, "माफ करा, काकू. माझ्यामुळे सगळ्यांना अंधारात बसावं लागलं." त्यावर तिला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की त्या संध्याकाळी ड्रॉपर तिने आपण होऊन मंदाच्या हाती दिला.

मंदा थेंब देई आणि बाटली कनवटीला लावी. "वैनी, तुम्ही लांब थांबा," ती म्हणे. "तुमच्या नुसत्या बघण्यानेसुद्धा त्याला ढेकर येईल."

मग सगळं मार्गी लागलं. आळीने पाळ्या लावल्या. नाहीतरी बायका घरीसुद्धा दिवसभर चालतच असतात, मग इथे येऊन चाललं म्हणून काय बिघडलं, असं बायकांचं म्हणणं पडलं. सूर्यातून सतत काहीतरी बारीक बारीक उडून भिंतीत शिरत असे. ते डोळ्यांना दिसत नसे, पण त्याने भिंत तापे आणि हळूहळू झिजेही. भिंतीत पाण्याची नळी फिरवली होती, तिच्यातून आळीला आंघोळीचं गरम पाणी मिळू लागलं. भिंत झिजली की बायका राखाडी थर नव्याने लिंपून घेत. कड्याच्या बाहेर, भिंतीलगत, मंदाने कुरडया वाळत घातल्या. त्या एका बाजूने गुलाबी झाल्या, पण चवीला चांगल्या होत्या.

दुसऱ्या मीटरचा काटा रोज थोडा थोडा सरके. पहिला मात्र फार पुढे होता. बायका चालून दमत आणि त्यांना भूक लागे. विमल त्यांना पोहे करून घाली. एकदा साहेबांनी कोणालाही न विचारता पोह्यांचा हिशेब पहिल्या मीटरात धरला, तेव्हा मात्र आळीने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. साहेबांनी पोहे वगळले.

विमल आपली पाळी नसतानाही घाण्याच्या खोलीत जाऊन बसे. ती भाजी निवडत असे आणि सूर्याला गावातल्या बातम्या सांगत असे. सूर्य मन लावून ऐके. मूळचा तो फार लाजाळू होता, कोणी फार वेळ टक लावून पाहिलं की त्याच्या कडा थरथरत. पण विमल भाजीकडे बघत बोलायची, म्हणून तिच्याशी तो मोकळेपणाने बोले.

"भांडारात कसं असतं रे?" तिने एकदा विचारलं.

"तिथे आम्ही रांगेने ठेवलेले असतो, काकू. पिंपांत."

"मग बोलता का एकमेकांशी?"

"विझल्यावर बोलता येत नाही."

विमलने मेथीची एक काडी मोडली. "तू नाही जायचास तिकडे," ती म्हणाली. तिने भाजी निवडून संपवली, पण पाला कुठल्या ताटात टाकला आणि देठं कुठल्या, ते तिला नंतर सापडेना.

संक्रांतीला मंदा माहेरी गेली आणि ड्रॉपर विमलकडे आला. तिने सकाळी एक थेंब दिला, एकच दिला. मग ती गावात तिळगूळ वाटायला गेली. घरोघर तिला वाढलं गेलं, तिनेही आग्रह करून घेतला आणि केला. परत येताना तिच्या मनात आलं, की आज सूर्याचा सण. सगळा गाव गोडधोड खातोय, आणि प्रत्यक्ष घरातला सूर्य एका थेंबावर. ती खोलीत आली.

"काकू, नको," सूर्य तिचा चेहरा पाहूनच म्हणाला.

"सणाचं नाही म्हणू नये."

"माझं झालंय. सकाळीच."

"अरे, तिळाएवढा," विमल म्हणाली, आणि तिने खरोखर तिळाएवढा थेंब सोडला. सूर्य विझला.

त्या दिवशी गावाने अंधारातच तिळगूळ खाल्ला. रणपिसे साहेब आले तेव्हा विमल ओट्यावर डोक्याला हात लावून बसली होती. त्यांनी सूर्य पेटवला आणि नोटीस वाचून दाखवली. यापुढे एकदा जरी विझला तरी पिंप आणि टेम्पो लगेच येईल. मूल्यमापन रथसप्तमीला.

साहेब गेल्यावर तात्या येऊन बसले. "विमल, तुला एक विचारू?"

"विचारा ना."

"तो नको म्हणतो, तेव्हा तुला काय ऐकू येतं?"

विमलने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तो नको म्हणतो असंच ऐकू येतं, तात्या."

"मग?"

"मग मला वाटतं, बिचारा किती चांगला आहे."

तात्या हसले नाहीत. "मीसुद्धा या घरात दुसरी भाकरी नको म्हणत आलोय," ते म्हणाले. "तू वाढतेस, मी खातो. माझं काही बिघडत नाही. पण मी विझत नाही, पोरी."

विमलने त्या संध्याकाळी भाकऱ्या मोजून केल्या. तात्यांना तिने एकच वाढली आणि हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. तात्यांनी एकच खाल्ली. दोघांनाही फार अवघड गेलं.

रथसप्तमीला सूर्याला दूध दाखवायची पद्धत आहे. अंगणात गोवरीवर एक लहान बोळकं ठेवतात आणि त्यातलं दूध उतू जाऊ देतात. कार्यालयाने तारीख ठरवली तेव्हा हे त्यांच्या लक्षात नव्हतं. पण दारात बोळकं पाहिल्यावर साहेबांनी विचार केला आणि सांगितलं, की गोवरी नको. शिल्लक ऊर्जा उरली तर तिचा प्रत्यक्ष उपयोग करून दाखवावा लागतो. दूध दुसऱ्या मीटरला जोडलेल्या शेगडीवर ठेवावं. काटा पहिल्याच्या पुढे गेल्याशिवाय शेगडीत वीज यायची नाही.

"म्हणजे दूध उतू गेलं तर तो राहिला?" विमलने विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही. पण अर्थ तोच."

सकाळपासून अंगण भरलं होतं. खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. आत मंदासह बायकांचं कडं चालत होतं, आणि विमल ड्रॉपर घेऊन दाराशी उभी होती. एक थेंब देऊन झाला होता. दुसरा काटा सावकाश चढत पहिल्याच्या अगदी जवळ आला, आणि तिथेच थांबला.

इतकी माणसं आपल्याकडे बघतायत हे सूर्याच्या लक्षात आलं होतं. त्याच्या कडा थरथरू लागल्या. तो लिंबाएवढा झाला आणि गुलाबी रंग फिका पडला.

"उपाशी आहे तो," अंगणातून कोणीतरी म्हणालं.

"द्या की आणखी एक थेंब!"

"विमलकाकू, आज का हात आखडताय?"

"वैनी, द्या," कड्यातून मंदासुद्धा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मीच सांगते, द्या. बघा कसा झालाय."

रणपिसे साहेबांनी अटी चाळल्या. "मूल्यमापनाच्या दिवशी एक जादा थेंब देता येतो," ते म्हणाले. "तशी सवलत आहे." त्यांनाही तो राहावा असं वाटत होतं, आणि हे लपवायला त्यांना जमत नव्हतं.

विमलने ड्रॉपर उचलला. सगळं अंगण पुढे झुकलं.

"काकू, नको," सूर्य म्हणाला. आवाज जेमतेम ऐकू आला.

"नको?"

"नको."

"लाजतोयस का?"

"लाजतोय. पण पोट भरलंय."

विमलचा हात तसाच हवेत राहिला. ड्रॉपरच्या टोकाशी थेंब धरला होता. आयुष्यात तिने नको हा शब्द शेकडो माणसांच्या तोंडून ऐकला होता, आणि दर वेळी त्याच्या पलीकडे जाऊन त्या माणसाला गाठलं होतं. आता ती अलीकडेच थांबली. तिने ड्रॉपर मागे घेतला, दोन पावलं चालत अंगणात आली आणि थेंब तुळशीत सोडून दिला.

"काय झालं?" मागे उभ्या असलेल्यांनी विचारलं.

"विमलने नाही वाढलं," पुढच्यांनी सांगितलं. बातमी वेशीपर्यंत गेली.

"त्याला घास नकोय, आडोसा हवाय," विमल म्हणाली. तिने दार अर्धं लोटलं आणि अंगणाकडे वळून सगळ्यांना बजावलं, "आणि तुम्ही तिकडे बघा. मोठ्या सूर्याकडे बघा. आज त्याचा सण आहे." मग ती आत जाऊन मंदाच्या शेजारी कड्यात शिरली. "बायांनो, बैलाची वाट सोडायची. एक पाऊल आत या."

"आणि लागला हात म्हणजे?" मंदा म्हणाली. "मग पिंपच की."

"नाही लागायचा. सगळ्या सारख्या या. कोणी पुढे नको, कोणी मागे नको."

कडं एक पाऊल आत आलं. बायका एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की हात धरायला जागा उरली नाही. त्यांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले. गाणं कोणी म्हणेना, नुसती पावलं वाजत होती. सूर्याला चहूबाजूंनी सारखाच संकोच झाला आणि तो मधोमध अंग चोरून उभा राहिला.

"आणखी एक," विमल म्हणाली.

बायका आणखी एक पाऊल आत आल्या. आता त्यांच्या तोंडावर पांढरा उजेड पडला होता. मंदाच्या नाकाच्या टोकापासून सूर्य हातभर होता, आणि ती श्वास रोखून चालत होती. विमलचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती समोरच्या बाईच्या पदराच्या काठाकडे बघत होती आणि हळू आवाजात सांगत होती, की सुताराच्या म्हशीला रेडकू झालंय, कपाळावर पांढरा ठिपका आहे.

"पांढरा?" सूर्य म्हणाला.

"चंद्रासारखा. गोल."

"मग त्याचं नाव काय ठेवलं?"

"अजून ठेवायचंय."

थरथर थांबली. सूर्य मोठा झाला नाही, पण त्याच्या आतला पांढरा रंग इतका घट्ट झाला की गुलाबी कड दिसेनाशी झाली. भिंत कडकडली. दाराच्या फटीतून अंगणात उजेडाची एक पट्टी आली आणि साहेबांच्या बुटांवरून पुढे शेगडीपर्यंत गेली. अंगण विमलचा शब्द पाळून मोठ्या सूर्याकडे बघत होतं, त्यामुळे ती कोणी पाहिली नाही.

"शेगडी लाल झाली," तात्या म्हणाले. ते मुळात दुधाकडेच बघत होते.

साहेब वाकले. दुसरा काटा पहिल्याच्या पुढे गेला होता. फार नाही, केसभर. बोळक्यातल्या दुधावर साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या, मध्ये एक फुगा आला, आणि दूध पूर्वेच्या बाजूने उतू गेलं. साहेबांनी हातरुमाल काढून आपला चष्मा पुसला, तो पुन्हा घातला, आणि काटा पुन्हा पाहिला. तो तिथेच होता.

"सूर्य निवासास पात्र आहे," ते मोठ्याने म्हणाले. त्यांचा आवाज मधेच चिरकला, तेव्हा त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा नीट उच्चारलं.

आतून विमलने विचारलं, "म्हणजे राहिला?"

"राहिला."

"मग बायांनो, सावकाश दोन पावलं मागे."

कडं बैलाच्या वाटेवर परत आलं. सूर्य पुन्हा मोसंबीएवढा झाला आणि त्याच्या कडेला गुलाबी रंग आला. मंदाने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला आणि रडून घेतलं, पण चालणं थांबवलं नाही.

बोळक्यात थोडं दूध उरलं होतं. ते शिल्लक ऊर्जेवर तापलेलं असल्यामुळे त्यावर एकट्या देशमान्यांचा हक्क सांगता येत नाही, असं साहेबांनी दाखवून दिलं. पेटवण्यासाठी सबंध गावाने वीज दिली होती, तेव्हा दूधही गावाचंच. कोणी हरकत घेतली नाही. माणसांनी वेशीपर्यंत रांग लावली. विमल कड्यातून बाहेर आली, तिच्या जागी दुसरी बाई गेली, आणि विमलने पळीने एकेकाच्या तळहातावर तीर्थासारखा दुधाचा एकेक थेंब ठेवायला सुरुवात केली.

पहिला हात तात्यांचा होता. त्यांनी थेंब जिभेवर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ चव घेतली.

"कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"दूधच आहे," तात्या समाधानाने म्हणाले. "साखर घालायची राहिली."

माणसं एकामागून एक पुढे येत होती. थेंब घेऊन, जीभ टाळ्याला लावून, चांगलं तापलंय असं म्हणत बाजूला होत होती. साहेबांनीही घेतला. अजून द्या असं कोणी म्हणालं नाही, आणि अजून घ्या असं विमल म्हणाली नाही. रांग संपेपर्यंत बोळकं पुरलं. तेवढ्यात आतून कोणीतरी पाळी बदलायची झाली म्हणून हाक मारली. विमलने पळी पालथी घातली, हात पुसले, आणि ती आत जाऊन चालू लागली.